चेअरमनसाहेब उभे राहतात तेव्हा

महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक लागली की उमेदवारांच्या यादीत साखर कारखान्यांचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, त्यांची मुले, सुना, पुतणे हटकून दिसतात. याचे कुणाला नवल वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणूनच एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही: कारखान्याचा प्रमुख स्वतः उमेदवार असतो त्या वर्षी कारखान्यातले निर्णय बदलतात का? उसाचा भाव, तोडीचा क्रम, नोकरभरती, कर्ज, साखरेची विक्री, हे सगळे निर्णय. खाली दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. एक सहकारात आयुष्य काढलेल्या माजी संचालकाची. त्यांना आबा म्हणू. दुसरी अभ्यासकाची. माणसे कल्पित आहेत, पुरावे खरे. मी अभ्यासकाच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. पण आबांची बाजू लेचीपेची करून मांडली तर वादात अर्थ उरत नाही, आणि मुळात ती लेचीपेची नाहीच.

आबा: सर, तुम्ही मंडळी असं बोलता, की कारखाना आधी होता आणि राजकारण मागनं घुसलं. उलटं आहे ते. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करून उभा केला, धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष, १९५०-५१ ला पहिला हंगाम. गाडगीळ अर्थशास्त्राचे पंडित, मान्य. पण मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहतांसारखा सहकार जाणणारा मंत्री नसता, तर शेतकऱ्याच्या कारखान्याला कुणी दारात उभं केलं असतं का? पुढं वसंतदादा, तात्यासाहेब कोरे, रत्नाप्पाण्णा कुंभार, कुणाचंही नाव घ्या. कारखाना आणि राजकारण एकाच हातानं चाललेलं दिसेल. आणि हा धंदा तरी कसला? उसाची किमान किंमत दिल्ली ठरवणार. साखर किती आणि कधी विकायची ते २०१३ पर्यंत दिल्लीच ठरवत होती. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, तोही दिल्लीनं. इथेनॉल घ्या म्हणून कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलरी उभ्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायचं थांबवलं. अशा धंद्यात ज्याचा माणूस मुंबईत नाही, दिल्लीत नाही, त्यानं काय करायचं? राजकीय संबंध ही आमची चैन नाही, तो कच्चा माल आहे.

अभ्यासक: आबा, यातले बरेचसे मी मान्य करतो. सरकारच्या शब्दावर चालणाऱ्या धंद्यात सरकारशी ओळख असणे फायद्याचे असते, हे जगभर दिसले आहे. इंडोनेशियात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या प्रकृतीबद्दल अफवा उठली की त्यांच्या कुटुंबाशी लागेबांधे असलेल्या कंपन्यांचे शेअर इतरांपेक्षा जास्त पडत. रेमंड फिस्मन यांनी २००१ साली हे दाखवले. पाकिस्तानात ज्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर राजकारणी होते, त्यांना सरकारी बँकांनी इतरांपेक्षा जास्त कर्ज दिले आणि त्याच कंपन्यांनी ते जास्त बुडवले; खासगी बँकांच्या बाबतीत तसे दिसले नाही. तेव्हा संबंधांतून कंपनीला काही ना काही मिळते, हा वादाचा मुद्दाच नाही. मुद्दा पुढचा आहे. संबंध हा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार असतो. राजकारणी कंपनीसाठी काही करतो, तसे कंपनीचे व्यवस्थापनही राजकारण्यासाठी काही करते. पहिली बाजू तुम्ही सांगितलीत. दुसऱ्या बाजूचे बिल कुणाच्या नावावर फाडले जाते, ते मला विचारायचे आहे.

फ्रान्सचे उदाहरण आधी घेतो, कारण तिथे भ्रष्टाचाराचा आरोपही करता येत नाही. तिथल्या बड्या कंपन्यांचे अनेक प्रमुख सरकारी सेवेतून आलेले, मंत्र्यांबरोबर शिकलेले, एकाच वर्तुळातले. अभ्यासकांनी पाहिले, की अशा प्रमुखांच्या हाताखालच्या कंपन्या निवडणुकीच्या आसपास, विशेषतः चुरशीच्या भागांत, जास्त नोकऱ्या देतात आणि कारखाने बंद करायचे टाळतात. त्यांचा नफाही इतरांपेक्षा कमी असतो. पाकिटे दिल्या-घेतल्याचे तिथे काही दिसत नाही. फक्त निर्णयाची तारीख धंद्याच्या गरजेवरून न ठरता मतदानावरून ठरते. कामगाराला ते बरेच वाटेल. पण पैसे भागधारकाचे गेले आणि त्याला कुणी विचारले नाही.

आता आपल्याकडे या. संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञाचा साखर कारखान्यांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००५ या काळात १८३ पैकी १०१ कारखान्यांचे अध्यक्ष कधी ना कधी विधानसभा किंवा लोकसभा लढले होते. अध्यक्ष निवडणुकीला उभे असलेल्या कारखान्यांनी निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा भाव कमी दिल्याचे त्यांना आढळले. कारखान्यातला पैसा प्रचाराकडे वळला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आबा: असावा! बघा, तुम्हीच म्हणता असावा. भाव कमी का येतो याची शंभर कारणं असतात. पाऊस नाही, उतारा घटला, साखरेचा बाजार पडला, जुनं कर्ज मानेवर. त्यात निवडणूक आली म्हणून तिच्यावर खापर फोडायचं?

अभ्यासक: ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर तारखेतच आहे. पाऊस, बाजार, दिल्लीचे धोरण यांचा फटका त्या वर्षी सगळ्याच कारखान्यांना बसतो, अध्यक्ष उमेदवार असो वा नसो. म्हणून तुलना त्याच वर्षीच्या इतर कारखान्यांशी करायची. कारखाना मुळातच ढिसाळ चालला असेल, तर तो ढिसाळपणा दर वर्षी दिसायला हवा. म्हणून तुलना त्याच कारखान्याच्या इतर वर्षांशीही करायची. या दोन्ही तुलना करूनही फक्त निवडणुकीच्याच वर्षी, फक्त उमेदवार अध्यक्षाच्याच कारखान्यात भाव घसरत असेल, तर पावसाचे आणि बाजाराचे कारण टिकत नाही. जुने कर्जही टिकत नाही, कारण कर्जाला निवडणुकीची तारीख कळत नाही. एक शक्यता उरते, ती तुम्ही काढली नाहीत म्हणून मीच काढतो: साहेब प्रचारात, कारखान्याकडे लक्ष नाही, म्हणून खर्च वाढला. असू शकते. पण मग तोही राजकारणाचाच खर्च झाला, आणि तोही सभासदाच्या बिलातूनच गेला.

आबा: बरं, घटकाभर धरून चालू. पण शेतकरी काय खुळा आहे? भाव मारला तर पुढच्या वेळी तो पाडतो की साहेबांना. पाडत नाही, म्हणजे त्याचा हिशोब जुळतोय. साहेब आमदार झाले की पाण्याची योजना येते, रस्ता येतो, पुढच्या वर्षी भावही चांगला निघतो. तुमच्या त्या अभ्यासात हे आलं नाही काय?

अभ्यासक: आले आहे. निवडून आलेले अध्यक्ष नंतर शेतकऱ्यांना भरपाई करत असावेत, आणि म्हणूनच हे पचत असावे, असे तो अभ्यासही म्हणतो. पण या व्यवहाराचे स्वरूप बघा. सभासदाच्या उसाच्या पैशातून, त्याला न विचारता, कागदावर न लिहिता, व्याज न देता घेतलेले हे कर्ज आहे. साहेब पडले तर बुडीत. शेतकऱ्याचे शिवार कारखान्याच्या क्षेत्रात पण मत शेजारच्या मतदारसंघात असेल, तर त्याला रस्ताही नाही. आणि ज्याने साहेबांच्या विरोधात मत दिले, त्याने तरी आपल्याच उमेदवाराला हरवण्याचा खर्च का उचलावा? राजकीय देणगी द्यायला माणूस मोकळा असतो. इथे ती टनामागे कापून घेतली जाते आणि तिला भाव म्हणतात. राहिला तो पाडण्याचा प्रश्न. पाडायला सभासदाला आधी कळावे लागते, की भाव किती निघायला हवा होता. तेच त्याला कळत नाही.

हा भाव ठरतो कसा हे बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर. कायद्याने ठरलेली किमान रक्कम, पूर्वीची एसएमपी आणि २००९-१० पासूनची एफआरपी, ही द्यावीच लागते. तीही ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याजासह. तिच्या वर जे द्यायचे, पहिल्या उचलीत किती, दिवाळीच्या हप्त्यात किती, ते संचालक मंडळाच्या मर्जीवर. मर्जी चालते ती नेमकी या वरच्या भागात. आणि तारखा पाहा. महाराष्ट्रात १९९९ पासूनच्या सगळ्या विधानसभा निवडणुका सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात झाल्या. म्हणजे वार्षिक सभा आटोपलेली किंवा आटोपत आलेली, दिवाळीचा हप्ता तोंडावर, बॉयलर पेटायच्या बेतात, नव्या उचलीची बोलणी चालू. २०२४ साली गाळप १५ नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले होते आणि मतदान होते २० नोव्हेंबरला. कारखान्याच्या वर्षातले सर्वात मोठे पैशाचे निर्णय आणि आमदारकीचा प्रचार हे एकाच महिन्यात, एकाच टेबलावर येतात.

आबा: टेबल एकच असलं तरी त्याचा फायदाही होतो की. दिवाळीला साखर वाटायची, हप्ता वाढवून द्यायचा, हेही निवडणुकीच्याच तोंडावर होतं ना? मग भाव वाढायला पाहिजे, घटायला नको.

अभ्यासक: वरवर तसेच वाटते. पण हप्ता वाढवला तर त्याचे श्रेय फक्त सभासदांत मिळते, आणि विधानसभेच्या मतदारसंघात सभासद नसलेले मतदार पुष्कळ असतात. टनाला दहा-वीस रुपये जास्त दिले तर सभासद खूश होतो; तेच रुपये लाखो टनांवर गोळा केले तर मतदारसंघभर वापरता येणारी रोकड होते. उमेदवाराच्या दृष्टीने दुसरा उपयोग जास्त लवचीक. कारखान्याची स्वतःची निवडणूक असते तेव्हा मात्र गणित उलटे फिरते, तेव्हा तुम्ही म्हणता तसे भाव वाढू शकतात. दोन्हीकडे भाव मतदानाकडे बघूनच ठरतो, साखरेकडे बघून नाही.

पैशाचे सोडा. टनामागचे चार रुपये निदान शोधता तरी येतात. तोडीचे काय? ऊस पक्व झाल्यावर जितका शेतात उभा राहील तितके वजन घटते, पुढच्या खोडव्याला उशीर होतो, एप्रिल-मे मध्ये पाणी नसले तर वाळतो. कुणाच्या फडात टोळी कधी घालायची हे नोंदीच्या तारखेप्रमाणे, क्रमपाळीने ठरायचे असते. विरोधात गेलेल्याच्या फडात टोळी उशिरा येते, ही ऊसपट्ट्यातली सर्वात जुनी तक्रार. ती सिद्ध करणे अवघड, कारण मुकादम पळाला, ट्रॅक्टर बिघडला, अशी कारणे नेहमी हाताशी असतात. पण तशी भीती असणे एवढेच पुरते. वार्षिक सभेत माईक हातात घेणारा माणूस आधी आपल्या शेतातल्या उभ्या उसाचा विचार करतो. अहवालाला पाच मिनिटांत मंजुरी मिळते ती का, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

आबा: तुम्ही कारखान्यानं काढलेली कॉलेजं विसरलात. दवाखाने, शाळा, मुलींची वसतिगृहं. भाव दोन रुपये कमी दिला असेल, पण त्या पैशातनं खेड्यातल्या पोरांनी इंजिनिअरिंग केलं.

अभ्यासक: केले, आणि ते थोर काम आहे. यावर अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांचा २००१ सालचा अभ्यास आहे. १९७१ ते १९९३ या काळातल्या महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांवर. त्यांचे म्हणणे असे, की भाव दाबून मागे राहणारी शिल्लक कुठे खर्च करायची हे मोठ्या बागायतदारांच्या हातात असते. भाव कमी झाला की छोटा आणि मोठा दोघांनाही टनामागे सारखाच तोटा होतो, पण शिल्लक वापरायचा अधिकार फक्त मोठ्याकडे. सभासदांतली विषमता भावाला खाली ओढते, असे त्यांना दिसले. कॉलेज चांगलेच आहे. पण सभेपुढे ठराव ठेवा, टनामागे इतकी कपात शिक्षणसंस्थेसाठी, आणि त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर सभासदांतून निवडून आलेली माणसे घ्या. मग बोलू. पैसा सर्वांचा आणि ट्रस्ट एका घराण्याचा, ही रचना शिक्षणासाठी आवश्यक नव्हती.

आबा: आणि २०२३? एफआरपीच्या वर दिलेल्या भावाला नफा समजून आयकर खात्यानं वर्षानुवर्षं नोटिसा काढल्या होत्या. त्या केंद्राच्या बजेटमध्ये निकाली निघाल्या, जवळजवळ दहा हजार कोटींचा दिलासा. तो काय प्राध्यापकांनी आणला?

अभ्यासक: नाही, राजकारण्यांनीच आणला, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. ती सवलत नियमाने आली, सगळ्या सहकारी कारखान्यांना, कोणत्या पक्षाचा अध्यक्ष हे न पाहता. शेतकऱ्यांच्या वतीने सरकारकडे भांडणे हे लोकशाहीत चालायलाच हवे. माझा आक्षेप एकेकट्या कारखान्याला मिळणाऱ्या मेहेरबानीवर आहे: याला थकहमी, त्याला नाही, याच्या कर्जाची फेररचना, त्याच्या गोदामाला कुलूप. अशी मेहेरबानी देणारा ती परतही घेऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन प्रचारात, पंढरपूर तालुक्यातल्या एका सहकारी कारखान्याच्या साखर गोदामांना राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी सील ठोकले. अध्यक्ष तेव्हा विरोधी आघाडीच्या बाजूने होते. काही दिवसांतच त्यांनी सत्ताधारी उमेदवारांना पाठिंबा जाहीर केला. सहा-सात महिन्यांनी विधानसभेला ते पुन्हा विरोधी बाजूला जाऊन विरोधी पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. कर्ज थकले होते हे खरे, आणि वसुली हे बँकेचे कामच आहे. मी कुणाच्या हेतूवर बोलत नाही. पण सभासदाच्या दृष्टीने बघा: त्याची साखर गोदामातून बाहेर पडणार की नाही, हा प्रश्न लोकसभेच्या पाठिंब्याच्या शेजारी येऊन बसला. तुम्ही राजकीय संबंधाला कच्चा माल म्हणालात. कच्च्या मालाची किंमत असते; इथे कारखान्यानेच तारण राहायचे असते.

आबा: मग काय, राजकारण्यांना हाकलून कारखाने शेठजींना विकायचे? निम्मे तसेही खासगी झालेच आहेत.

अभ्यासक: नाही. आणि इथे तुम्ही सर्वात महत्त्वाचा मुद्दा काढलात. राज्यात गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळपास निम्मे आज खासगी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक राजकारणीच आहेत. तिथे संबंध तोच. गेला तो सभासदाचा एक मत देण्याचा, अहवाल मागण्याचा, चौकशीचा अर्ज करण्याचा हक्क. खासगीकरणाने राजकारण जात नाही, उजेड जातो. अध्यक्षाला निवडणूक लढवायला बंदी हाही उपाय नव्हे. उद्या पत्नी अध्यक्ष होईल, परवा मेहुणा. माणूस बदलून काही होणार नाही. त्याच्या हातातली मर्जी कमी करावी लागेल.

ते शक्य आहे, कारण निम्मे काम कायद्याने केलेलेच आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेले उत्पन्नवाटपाचे सूत्र महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर कायद्यात घेतले: साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला. या सूत्राची खुबी अशी, की ते उत्पन्नावर चालते, खर्चावर नाही. खर्च फुगवून भाव दाबता येत नाही, फुगवलेला खर्च कारखान्याच्या ३० टक्क्यांतून जातो. चोरवाट उरते ती उत्पन्नाच्या बाजूला: वजनकाटा, उतारा, आणि साखर, मळी, बगॅस कुणाला कोणत्या दराने विकली ते. तेवढ्या जागांवर उजेड पाडा. विक्री खुल्या लिलावाने करा आणि प्रत्येक सौद्याचा दर, तारीख, खरेदीदार जाहीर करा. तोडीची क्रमपाळी नोंदीच्या तारखांसह प्रत्येकाच्या मोबाइलवर द्या. आणि अध्यक्षाने किंवा संचालकाने विधानसभा-लोकसभेचा अर्ज भरला, की त्या दिवसापासून अंतिम हप्ता पडेपर्यंत विक्री, भरती आणि ठेक्यांच्या निर्णयांतून त्याने बाजूला व्हावे. त्या काळाचे लेखापरीक्षण वेगळे व्हावे.

आबा: हे लोकशाहीविरोधी नाही काय? निवडून दिलेल्या माणसाला तुम्ही बाजूला बसवणार.

अभ्यासक: रिझर्व्ह बँकेने जून २०२१ मध्ये आमदार, खासदार आणि महापालिका-नगरपालिकांच्या सदस्यांना नागरी सहकारी बँकांचे व्यवस्थापकीय संचालक होता येणार नाही असा नियम केला. लोकशाही बुडाली नाही. मी तर तेवढेही मागत नाही, काही महिन्यांचेच अंतर मागतो. शिवाय २०२२ साली सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय घेतला, तो मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. शेतकरी नेते राजू शेट्टी त्यासाठी न्यायालयात गेले होते. निवडून आलेल्या सरकारलाही नियमात राहावे लागते, तर निवडून आलेल्या अध्यक्षाला का नाही?

आबांचे पूर्ण समाधान झालेले नाही, आणि त्यांचा एक आक्षेप मी मोकळाच ठेवतो: या जागांवर उजेड पाडणारे साखर आयुक्तालयही शेवटी सरकारच्याच हाताखाली आहे. तो खरा आहे. म्हणून पहिले पाऊल सभासदानेच टाकायला हवे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते आणि अहवाल आधी हातात पडतो. त्या सभेत लेखी प्रश्न द्या: २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या वर्षांत, आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या वर्षांत, आपल्या कारखान्याने टनाला किती भाव दिला, शेजारच्या तीन कारखान्यांनी किती दिला, आणि साखर कोणत्या सरासरी दराने विकली. पंधरा वर्षांचा तक्ता एका पानावर मावतो. तो मागा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.